‘धयकालो’ : खायचा की बघायचा?

प्रश्न : कुडाळकडच्या एका जत्रेची पत्रिका पाहिली. ‘रात्रौ दशावतार नाट्यमंडळाचा दहीकाला’ असं छापलंय. मला दहीकाला ठाऊक तो गोकुळाष्टमीचा, पोह्या-लाह्यांचा. इथे तर महिना कार्तिक आणि वर नाटक! छपाईची चूक म्हणावी की वेगळा अर्थ आहे?

उत्तर : चूक नाही हो. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यात जत्रेतल्या दशावतारी नाटकालाच दहीकाला म्हणतात. बोलताना ‘धयकालो’. मालवणीत (तिलाच कुडाळीही म्हणतात) दह्याचं ‘धय’ होतं आणि काल्याचा ‘कालो’. ‘दशावतार’ हा शब्द महोत्सवांच्या फलकावर जास्त, गावात विचारतात, “औंदा कोणाचो धयकालो?” उत्तरात कंपनीचं नाव येतं : मोचेमाडकरांचो, पार्सेकरांचो, आरोलकरांचो.

नाव पडलं ते खेळाच्या शेवटावरून. रात्री उशिरा आडदशावताराने, म्हणजे मुख्य कथेआधीच्या पूर्वरंगाने, सुरुवात होते. गणपती येतो, सरस्वती येते, मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासूर. देवमंडळी ग्रांथिक मराठीत बोलतात आणि हा पठ्ठ्या मालवणीत, त्यामुळे हशा त्याच्याच वाट्याला. विष्णूने त्याला मारलं की मुख्य आख्यान सुरू. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरतं, कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं आणि संवाद उभ्या-उभ्या रचले जातात. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. पुरुषच साडी नेसून स्त्रीपार्टी होतात. असं उजाडेपर्यंत चालतं. मग दहीहंडी फुटते, काला होतो, खेळ संपतो. त्या शेवटच्या घासाचं नाव अख्ख्या रात्रीला चिकटलं.

क्रियापदही बघा. ‘कालो बघूक जातंय’ म्हणतात, ‘खावक’ नाही.

भर : काला म्हणजे कालवलेलं, कालवणे, कालवण ही त्याच घरातली. शेवट काल्याने करण्याची रीत कोकणापुरती नाही. सप्ताह उठतो तो काल्याच्या कीर्तनाने, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला गोपाळकाला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही. पण घाटावर काला शेवटालाच राहिला. संध्याकाळी कीर्तनाला निघालेला माणूस ‘काल्याला चाललो’ म्हणणार नाही, तो दिवस काल्याचा असेल तरच म्हणेल. तळकोकणात मात्र शब्दाने सगळं नाटक गिळलं.

दुरुस्तीवजा पुरवणी : ‘कोकणात’ असं सरसकट नका म्हणू. रत्नागिरीकडे हा अर्थ चालायचा नाही. तिकडे शिमग्याला नमन-खेळे हा लोकनाट्याचा प्रकार, संकासूर त्यांच्यातही भेटतो, पण धयकालो नाही. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत जिल्हा एकच होता, पण शब्दांची वेस आधीपासून निराळी. दक्षिणेला गोव्यात मात्र नुसतं ‘कालो’ म्हटलं तरी नाटकच समजतात.

प्रश्न : मग एवढी रात्र जागताना तोंडात टाकायला काय? दही तर पहाटे!

उत्तर : खाजा. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. पाक वाळला की वर खडबडीत पांढुरका थर धरतो, चावताना आधी गूळ लागतो, मग आल्याचा ठसका. जत्रेहून परतताना घरी खाज्याची पुडी न्यायचीच. हलवाईच्या दुकानातला मैद्याचा, पापुद्र्यांचा खाजा वेगळा. नाव एक, पदार्थ दोन.

आणखी एक : विषय निघालाच आहे तर ‘गजाल’ हा मालवणी शब्दही नोंदवून ठेवा. पुणे-मुंबईची हॉटेलं ‘गजाली’चा अर्थ ‘गप्पा’ एवढाच सांगतात. तो खराच, पण अर्धा. “काय गजाल?” म्हणजे ‘काय प्रकार आहे, झालं काय?’ गोष्ट या शब्दासारखंच आहे हे : सांगायचीही गोष्ट आणि घडलेलीही गोष्ट. बोलत बसण्यापायी काम बिघडलं की आमच्याकडची म्हातारी माणसं एकच वाक्य टाकतात : “गजालीन घो खाल्लो.” घो म्हणजे नवरा. गप्पांनी नवरा खाल्ला!