रास्पबेरी पायवर पोझ डिटेक्शन: डॉकर हवा की नको?

धागाकर्ता: रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डवर कॅमेऱ्यातल्या माणसाची शरीरस्थिती ओळखायची (पोझ डिटेक्शन), तर माझं मत, तो प्रोग्रॅम डॉकरमध्येच चालवा. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या लायब्रऱ्यांसह कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. मीडियापाइप, ओपनसीव्ही आणि नमपाय या पायथन लायब्रऱ्यांची आवृत्त्यांवरून कायम जुंपलेली असते. एकदा जमलेला संच इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) बांधून ठेवला, की होस्ट (खुद्द पायवरची मूळ सिस्टिम) अपडेट केला तरी तो बिघडत नाही. डॉकरमुळे फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, तपासून होतात तो आकडा) पडतो हे सारखं ऐकू येतं, ते पटत नाही. कंटेनर म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतला आभासी संगणक) नव्हे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होस्टचाच, पोझ ओळखणाऱ्या मॉडेलची आकडेमोडही थेट त्याच सीपीयूवर.

प्रतिसाद १: वेगाचं मान्य, पण कॅमेऱ्याचं काय? यूएसबी वेबकॅम असला तर एक व्हिडिओ डिव्हाइस आत दिलं की भागतं. रिबन केबलचा कॅमेरा लिबकॅमेरा या कॅमेरा-लायब्ररीवर चालतो. त्याला मीडिया डिव्हाइस हवेत, डीएमए हीप (चित्रं ठेवायची मेमरी) हवा, होस्टचं युडेव्ह फोल्डर (जोडलेल्या डिव्हाइसची नोंद) आत जोडायला हवं. यातलं एक जरी राहिलं तरी कॅमेरा सापडत नाही. मग लोक वैतागून प्रिव्हिलेज्ड मोड लावतात आणि कंटेनरला होस्टची सगळी डिव्हाइस मोकळी करून देतात. घरात कॅमेरा लावणाऱ्याने हे मुळीच करू नये! डॉकरऐवजी पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवणारं फोल्डर) पुरेसं आहे.

धागाकर्ता: प्रिव्हिलेज्डला माझाही ठाम विरोध आहे. कॅमेरा होस्टवर ठेवा, कंटेनरला फक्त फ्रेम द्या.

प्रतिसाद १: कशा देणार? रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ चा (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीचा) हार्डवेअर एन्कोडर नाही. स्ट्रीम करायचं तर मॉडेलच्या वाट्याचा सीपीयू एन्कोडिंगच खाणार.

धागाकर्ता: एन्कोड करायचंच कशाला? मूव्हनेट लाइटनिंग या पोझ मॉडेलला १९२×१९२ पिक्सेलचं चित्र लागतं, त्यावरून ते शरीराचे १७ बिंदू काढतं. होस्टवरच फ्रेम लहान केली तर एक फ्रेम साधारण ११० केबीची होते. सेकंदाला ३० धरल्या तरी ३.३ एमबी. साध्या सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधल्या डेटाच्या वाटेवरून) आरामात जातात.

प्रतिसाद १: इथेच घोळ आहे. अख्खी फ्रेम लहान केली की लांब उभ्या माणसाचं मनगट दोन-तीन पिक्सेलचं उरतं. म्हणून आधीच्या फ्रेमवरून माणूस कुठे आहे ते पाहून मूळ चित्रातून तेवढाच भाग कापतात. म्हणजे मोठी फ्रेम आत हवीच.

धागाकर्ता: मग मोठी द्या. ६४०×४८० ची कच्ची फ्रेम ०.९२ एमबीची असते. शेअर्ड मेमरीत (दोन्ही प्रोग्रॅमना दिसणाऱ्या सामायिक मेमरीत) फक्त ताजी फ्रेम ठेवा, जुन्यांची रांग लावू नका. डॉकर कंटेनरला डीफॉल्ट ६४ एमबी देतो, पण ती होस्टपासून वेगळी असते, म्हणून होस्टचीच शेअर्ड मेमरी आत जोडावी लागते.

प्रतिसाद २: दोघेही तापमान विसरलात. पाय ८० अंशांवर गेला की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) उतरतो आणि फ्रेमरेट पडतो, डॉकर असो वा नसो. आधी पंखा लावा, मग मोजा.

प्रतिसाद १: पंखा हवाच. पण एका कॅमेऱ्यासाठी होस्टवर एक प्रोग्रॅम, कंटेनरमध्ये दुसरा आणि मध्ये शेअर्ड मेमरी, हे सांभाळण्यापेक्षा मी एकाच स्क्रिप्टवर राहीन. पाच-सहा बोर्डांवर तेच बसवायचं असेल, तर तुमच्या इमेजला माझा विरोध नाही.