बँकेतल्या पैशापेक्षा स्वस्त मिळणारी छोटी बायोटेक कंपनी, घ्यावी का?

सिन्नरकर७९:
मंडळी, आतेभाऊ बॉस्टनला लॅबमध्ये आहे, त्याच्याशी बोलताना तिकडच्या एका छोट्या बायोटेकचा विषय निघाला. नाव मुद्दाम टाकत नाही, टिप दिल्यासारखं होईल. बँकेत ९ कोटी डॉलर, कर्ज शून्य, आणि अख्ख्या कंपनीची मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून बाजारातली किंमत, ६ कोटी! औषध एकच, फेज २ (पेशंटवरच्या चाचणीचा दुसरा टप्पा) चालूये, रिझल्ट सव्वा वर्षाने, आणि दर तिमाहीला पावणेदोन कोटी खर्च. दीड लाख रुपये टाकावे म्हणतोय, बाजूला ठेवलेलेच आहेत. पण एवढी उघड स्वस्त गोष्ट कोणालाच कशी दिसत नाही हे काही कळेना म्हणून विचारतोय.

ताळेबंद:
दिसतेय की सगळ्यांना. ९ ला पावणेदोनने भागा, पाच तिमाह्या. रिझल्टही तेव्हाच. म्हणजे निकालाच्या दिवशी तिजोरीत खडखडाट, आणि कंपनी तोपर्यंत थांबणार नाही, आधीच नवे शेअर काढून पैसे उभे करेल आणि तेही पडेल भावात, तुमचा हिस्सा तेवढा पातळ. मी २०२१ ला अशाच एकीत शिरलो होतो, दोन वर्षांत शेअरची संख्या तिप्पट झाली आणि मग दहा शेअरचा एक केला. अजून त्रास होतो आठवून. तिमाही रिपोर्टमध्ये 'गोइंग कन्सर्न' हे शब्द, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दलची शंका, कुठे आलेत का तेवढं आधी शोधा.

ट्रायलवाली_पुणे:
मी क्लिनिकल रिसर्चमध्ये आहे. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकन सरकारी साइटवर ट्रायलच्या जुन्या नोंदीपण दिसतात त्या वाचा प्लीज. प्रायमरी एंडपॉइंट (औषध चाललं की नाही हे ठरवायचं मुख्य माप) मध्येच बदललाय का, पेशंटचा आकडा कमी केलाय का, तारीख कितीदा पुढे गेली. फेज २ मध्येच बहुतेक औषधं गळतात. आपल्याकडची औषध संशोधन करणारी स्पार्क घ्या, सन फार्मातून २००७ ला वेगळी झालेली, मागे एवढं मोठं घर, तरी मार्च २०२४ ला पार्किन्सन्सवरच्या व्होडोबॅटिनिबचा फायदा ट्रायलमध्ये दिसला नाही आणि शेअर २० टक्के खाली, लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात पडायच्या मर्यादेला. माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे, त्यामुळे मला त्या दिवशी शेअरचं काही वाटलंच नाही, औषध गेलं याचंच वाईट वाटलं. अमेरिकेत असं २० टक्क्यांवर थांबत नाही, एका सकाळीत ७०-८० टक्केही जातात.

विलास_ठाणे:
थोडी दुसरी बाजू. कॅशखालच्या सगळ्याच कंपन्या सापळा नसतात. २०२३ ला जाउन्स थेरप्युटिक्स ही अमेरिकन बायोटेक ब्रिटनच्या रेडएक्स कंपनीमध्ये विलीन होणार होती, मध्येच टँग कॅपिटल या गुंतवणूक फंडाच्या कॉन्सेन्ट्रा कंपनीने शेअरमागे १.८५ डॉलर रोख देऊन ती घेतली, वर जुन्या औषधांतून पुढे काही सुटलं तर त्यात वाटा. पण हे कधी जमतं, तर मॅनेजमेंट खर्च थांबवून पैसे परत द्यायला तयार होते तेव्हा. तुमची कंपनी जोरात खर्च करतेय, म्हणजे तुम्ही कॅश घेत नाही आहात भाऊ, औषधावर पैसे लावताय. औषधावर विश्वास असेल तर घ्या, फक्त स्वस्त दिसतेय म्हणून नको.

सिन्नरकर७९:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, नोंदी बघितल्या, तारीख दोनदा पुढे गेलीये आणि पेशंट १२० चे ८० केलेत. आतेभावाला फोन केला तर तो म्हणे औषधाचा रेणू चांगला आहे पण ८० पेशंटमध्ये फरक दिसणं अवघड. तूर्त थांबतो. नवे शेअर काढले की कोणत्या भावाने आणि कोणी घेतले ते इथे येऊन टाकतो, तेव्हा परत बोलू.