अनुभव धागा: घरात ऐकलेला इंग्रजांचा अंमल

माळावरची

परवा माळा आवरताना आजोबांचा स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट सापडला, १९७२ सालचा. १९३२ साली ते विसापूरच्या तुरुंगात होते. त्यांच्याकडून तुरुंगाची एकच गोष्ट ऐकल्याचं आठवतं. जेवताना दाताखाली खडा आला की ते हसत म्हणायचे, "विसापूर आलं!" आम्हाला वाटायचं, हे एखाद्या स्टेशनाचं नाव असावं.

शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या. इथे घरातलं लिहू या. लढलेल्यांचंच हवं असं नाही. कुणी सरकारी नोकरीत असेल, कुणी नुसतं दार लावून बसलं असेल, तेही चालेल.

कृष्णाकाठी

आमचं गाव कुंडलच्या बाजूचं, म्हणजे साताऱ्याकडच्या प्रतिसरकारचा, इंग्रजांना झुगारून भूमिगतांनी चालवलेल्या सरकारचा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं रात्री मळ्यात येऊन राहायची. आमच्या भागात एक सोय होती, जी पुस्तकात फारशी कुणी सांगत नाही. कुंडल औंध संस्थानात आणि शेजारची गावं इंग्रजी हद्दीत. बांध ओलांडला की राज्य बदलायचं. पोलिसांना कटकट आणि भूमिगतांना पथ्यावर.

आजी (वडिलांची आई) भाकरी पोचवायची. अवेळी चूल पेटली तर धूर दिसतो, म्हणून सगळ्या भाकरी घरच्यांच्या वेळेलाच भाजून ठेवायच्या. मग वैरणीच्या पाटीत तळाला भाकरी, वर कडबा, आणि उसात नेऊन द्यायच्या.

एकदा जमादार भर दुपारी घरात शिरला. झडती झाली, काही सापडलं नाही. मग त्याने टोपल्यावरचं फडकं उचललं आणि भाकरी मोजल्या. अठरा.

"घरात माणसं पाच. अठरा भाकरी कशाला?"

"म्हायेरची मानसं येनार हाईत."

"बरं. मग मी बसतो, भेटून जातो."

आणि खरंच बसला की! दिवस कलला तरी कोण येणार होतं? शेवटी आजीने उंबऱ्यात बसून गळा काढला. भावानं टाकलं, माहेर तुटलं, दिवसभर चुलीपुढं भाजले आणि कुणी फिरकलं नाही! सासू समजूत घालायला आली, तिला म्हणे खरंच वाटलं होतं. जमादाराला काय करावं सुचेना. दोन भाकरी खर्ड्याशी खाल्ल्या आणि डोळे पुसत निघून गेला. उसातल्यांना त्या रात्री सोळाच मिळाल्या.

पुढे स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली. सहा महिने कैद झाल्याचा कागद हवा, नाहीतर वॉरंट किंवा डोक्यावर बक्षीस लागल्याचा तरी. आजोबा कधी सापडलेच नाहीत आणि आजीचं नाव तर कुठल्याच कागदावर नव्हतं. ती म्हणायची, "त्या दिवशी रडले नसते तर कागद झाला असता."

बाकी या भागातल्या जुन्या जोडप्यांना विचारा, किती जणांचं 'गांधी लग्न' झालंय ते. हार, भाषण, पानसुपारी, संपलं. हुंडा-मानपान नाही. प्रतिसरकारने लावलेली ही लग्नं मला गाड्या लुटण्याइतकीच मोठी वाटतात.

खानदेशी

गाड्या लुटण्यावरून आठवलं. त्याच साताऱ्याकडच्या प्रतिसरकारच्या मंडळींनी आमच्याकडच्या सोबत्यांना घेऊन १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाखांचा. आमचे चुलतआजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत दर लग्नात ही गोष्ट सांगत आणि दर वेळी ते घटनास्थळाच्या थोडे अधिक जवळ असत.

आई नंदुरबारची. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात गेले. तिच्या वर्गात दर वर्षी 'नहीं नमशे' (झुकणार नाही) म्हणत फेरी निघायची. घोषणा गुजराती, फेरी मराठी शाळेची, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही.

कृष्णाकाठी

९ सप्टेंबर म्हणजे आमच्या साताऱ्याकडे वडूजचाच दिवस! तहसील कचेरीवर मोर्चा गेला, परशुराम घार्गे आणि इतर जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार.

हातमाग

सोलापूर, मे १९३०. गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, पोलीस पळाले, ९ ते ११ मे इंग्रजांचा अंमलच नव्हता. मग लष्करी कायदा आला. आमचे पणजोबा मागावर बसायचे. गांधी टोपी दिसली की शिपाई काठीच्या आकड्याने उडवायचे, म्हणून पणजीने ती टोपी उशीच्या अभ्र्यात शिवून टाकली होती. पणजोबा त्यावर झोपायचे.

धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. घरात त्या दिवशी माग बंद ठेवायची पद्धत होती. माग विकले, आता बंद काय ठेवणार?

तीन हजेऱ्या

मीही सोलापूरचाच, पण गोष्ट वेगळी आहे, जरा कडू लागेल.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरला. आमच्या लोकांना सेटलमेंटात घातलं, तारेच्या कुंपणात. आजा सांगायचा, दिवसातून तीनदा हजेरी, बाहेर जायचं तर पास. एकदा त्याच्या बहिणीच्या बाळंतपणात तो हजेरीला उशिरा पोचला, तर आधी छडी आणि मग विचारपूस.

आजा म्हणायचा की आमच्यातले कितीतरी लोक आधी इंग्रजांशी लढले, म्हणून ही शिक्षा लागली. सगळ्याच जमातींबाबत हे खरं नसावं, बहुतेकांचा गुन्हा एवढाच की ते एका जागी राहत नव्हते. पण हे आज्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याला ती एकच गोष्ट ताठ मानेने सांगता यायची.

१५ ऑगस्ट १९४७ ला तारांच्या आत हजेरी झाली. कायदा सुटला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवस. आमच्या वस्तीत झेंडावंदन दोनदा होतं, आणि दुसऱ्याला गर्दी जास्त असते.

माळावरची

तीन हजेऱ्या, आभार. ही तारीख मला चाळिशी उलटल्यावर आज कळली.

चौथा मजला

परळ. १८ फेब्रुवारी १९४६ ला नौदलाच्या 'तलवार' या तळावर नाविकांनी संप केला, सुरुवात सडक्या जेवणावरून झाली होती. मुंबईच्या लोकांनी गेटवेपाशी त्यांना डबे नेऊन दिले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या आणि गोळीबार आमच्या दारात आला. परळच्या कमल दोंदे त्यातच गेल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली.

आमच्या गॅलरीच्या लाकडी कठड्यात एक भोक होतं. दर दिवाळीत आजोबा त्यात लांबी (पुट्टी) भरून रंग द्यायचे, पावसाळ्यात लांबी पडायची. चाळ पाडली तेव्हा कठडा भंगारात गेला. मी ऑफिसात होते.

चहाबाज

दोन दिवस लिहू की नको करत होतो. माझे आजोबा पोलिसात होते. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात बंदोबस्ताला, भूमिगत शोधायच्या कामावर. पगार सतरा खर्चांत जायचा, सहा भावंडं त्यावर जगली. स्वातंत्र्यानंतरही तीच नोकरी, तोच पट्टा, फक्त बिल्ला बदलला. पंधरा ऑगस्टला ते कडक इस्त्री करून सलामीला उभे राहायचे. घरी येऊन मात्र कपडे न बदलता बराच वेळ बसून राहायचे. विचारलं की "पाय दुखतात."

कृष्णाकाठी, तुमच्या आजीची ही गोष्ट कुठल्या सालची?

कृष्णाकाठी

साल तिला सांगता यायचं नाही. "शेणोलीच्या गाडीनंतर" म्हणायची. ती पगाराची रेल्वेगाडी ७ जून १९४३ ला लुटली, म्हणजे त्याच पावसाळ्यात असावं. तुमचे आजोबा जमादार होते का?

चहाबाज

पुढे झाले. तेव्हा शिपाई की जमादार, माहीत नाही.

कृष्णाकाठी

तिखट खायचे?

चहाबाज

मूळचे कोकणातले. खर्डा नुसता दिसला तरी डोळ्यांत पाणी यायचं.