बाभळीच्या काट्यांच्या वाटेवर रोजच्या सायकलीला कोणता टायर टिकेल?

प्रश्न (धरणगाव तालुका)
नमस्कार. मी शाळेत सायकलीने जातो. जाऊन-येऊन रोज 22 किलोमीटर होतात आणि त्यांतली निम्मी वाट शेतांमधून जाते. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या बैलगाडीतून वाहू लागल्यापासून, म्हणजे दोन महिन्यांत, मागचे चाक सात वेळा पंक्चर झाले. पहिला तास बुडतो आणि मुले ताटकळतात, याचे फार वाईट वाटते. टायरवर 700 × 35 सी असे लिहिले आहे. दुकानदार भरीव रबराचा टायर सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर (भुसावळ)
सर, टायर घेण्याआधी छिद्र कोठे पडते ते पाहा. छिद्र ट्यूबच्या बाहेरच्या बाजूस असेल तर काटा किंवा तार. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असल्यामुळे ट्यूब रिमखाली चिमटली. आणि आतल्या बाजूस असेल तर रिमवरची पट्टी सरकून आरीचे (स्पोकचे) टोक लागले. शेवटच्या दोन प्रकारांत कितीही महाग टायर घेतला तरी उपयोग होणार नाही. टायरवरचे नाव नेहमी वॉल्व्हसमोर येईल असे बसवा, म्हणजे ट्यूबवरच्या छिद्रावरून टायरमधली नेमकी जागा सापडते. काट्याचे मोडलेले टोक टायरमध्येच राहते आणि तेच नव्या ट्यूबला पुन्हा टोचते. ते बोटाने चाचपू नका. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. त्याचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जेथे तंतू अडकतील तेथे काटा आहे.

उत्तर (धुळे)
भरीव टायर मी वर्षभर वापरला आणि पुन्हा घेणार नाही. पंक्चर होत नाही हे खरे, पण खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट मनगटांना आणि आऱ्यांना बसतो, आणि चाक जड फिरते. पंक्चररोधक टायरमध्ये मुख्यतः दोन प्रकार आहेत. एकात धावेखाली, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली, अरामिडसारख्या चिवट धाग्याचा पातळ पट्टा असतो. तो काचेला चांगला अडवतो, पण बारीक, टोकदार काटा धाग्यांमधून वाट काढू शकतो. दुसऱ्यात लवचिक रबराचा जाड थर असतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये हा थर 5 मिलिमीटरचा आहे. सराट्याचा काटा त्यातच अडकून राहतो. बाभळीचा दोन इंची काटा उभा घुसला तर मात्र त्याचाही भरवसा नाही. परंतु रस्त्यावर पडलेले बहुतेक काटे तिरपे किंवा मोडलेले असतात. टायर जड आहे, चढावर ते जाणवते, तरी आपल्यासारख्या वाटेला माझ्या मते हाच प्रकार योग्य. पैसे एकाच टायरचे असतील तर तो मागे बसवा, कारण अधिक वजन मागेच पडते.

प्रश्नकर्ता
आपण दोघांचे मनापासून आभार. कापूस फिरवला तेव्हा दोन ठिकाणी मोडकी टोके निघाली. म्हणजे सातांपैकी काही पंक्चर जुन्याच काट्यांचे होते. वडिलांच्या काळ्या सायकलीलाही असा टायर बसेल का? तिच्या टायरवर 28 × 1½ लिहिले आहे.

उत्तर (धुळे)
येथे घाई करू नका. 28 इंच हा आकडा वेगवेगळ्या मापांच्या रिमांच्या टायरांवर छापलेला असतो. आपल्या 700 × 35 सी टायरच्या कडेवर 37-622 किंवा त्यासारखा आकडा असेल. त्यातला 622 हा टायर रिमवर बसतो तेथला व्यास, मिलिमीटरमध्ये. काळ्या सायकलीचा हा व्यास 635 असतो. तेरा मिलिमीटरचा हा फरक ओढूनताणून भरून निघत नाही. त्या सायकलीसाठी जुन्या ट्यूबची वॉल्व्हची बाजू कापून काढा आणि उरलेली पट्टी टायर व ट्यूब यांच्यामध्ये घाला; तिची टोके तासून पातळ करा, नाहीतर तीच ट्यूबला घासतील.

उत्तर (भुसावळ)
एक राहिले. काळ्या सायकलीच्या वॉल्व्हमधली बारीक रबरी नळी आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर विरते आणि हवा हळूहळू उतरते, ते पंक्चर समजू नये. आपल्या 35 मिलिमीटरच्या टायरमध्ये, वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर, मागे साठ-पासष्ट पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवा, फक्त टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. दर सोमवारी पंपाच्या दाबमापकावर ती मोजा.