प्रतिसाद: नेटफ्लिक्सचा दुसरा संस्थापक

'हेस्टिंग्ज संगणकातला माणूस होता म्हणूनच नेटफ्लिक्स उभं राहिलं' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटतं. रीड हेस्टिंग्ज स्टॅनफर्डला संगणक शिकला, 'प्युअर सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली, सगळं खरं. (त्याआधी 1983 ते 85 तो आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये (आताचं एस्वातिनी) 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे गणित शिकवत होता, हे मला तरी जास्त मोलाचं वाटतं.) पण दुसरा संस्थापक मार्क रँडॉल्फ याचं नाव इथे कुणीच घेतलं नाही, आणि सुरुवातीचा सीईओ तोच होता.

रँडॉल्फ शिकला भूगर्भशास्त्र. करिअर मात्र बरंचसं टपालाने माल विकण्यात गेलं: 'मॅकयूझर' हे मॅक संगणकांवरचं मासिक, 'मॅकवेअरहाउस'चा कॅटलॉगचा धंदा, मग बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्ट मार्केटिंग, म्हणजे थेट गिऱ्हाईकाला टपालाने जाहिरात पाठवून विक्री. पाकिटाचं वजन किती, तिकीट कितीचं, गिऱ्हाईक पुन्हा मागवेल का, हा हिशोब त्याच्या हातात मुरलेला होता. दोघांना टपालाने सिनेमांच्या डीव्हीडी पाठवण्याचा धंदा काढायचा होता. 1997 साली डीव्हीडी अजून सहज मिळत नव्हती, म्हणून चाचणीसाठी दोघांनी सांताक्रूझमध्ये एक जुनी गाण्यांची सीडी विकत घेतली, शुभेच्छापत्राच्या साध्या पाकिटात घातली आणि हेस्टिंग्जच्याच घरच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. दुसऱ्या दिवशी ती धडधाकट पोचली! एका तिकिटाच्या खर्चात कळलं की चकती टपालाने पाठवता येते. व्हीएचएसची, म्हणजे जुन्या व्हिडिओची, जाडजूड कॅसेट अशी पाठवणं परवडलंच नसतं. एप्रिल 1998 मध्ये साइट सुरू झाली तेव्हा कंपनीचा खरा धंदा पाकिटांचाच होता, आणि तो रँडॉल्फला कुणी शिकवावा लागला नाही.