मदत हवी आहे : मक्यात ॲट्राझीन फेल, लव्हाळ्याला काय मारू?

नमस्कार मंडळी. खरीप मका, मध्यम काळी जमीन, ६० × २० सेंमीवर टोकण, एकरी ८ किलो बियाणं. उगवण चांगली आहे, आज १८ वा दिवस, पिकाला ५-६ पानं.

पेरणीच्या दुसऱ्या दिवशी ॲट्राझीन ५० टक्के हे तणनाशक एकरी ६०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून मारलं होतं. पण वरची माती कोरडी होती आणि पुढं आठ दिवस पाऊस नाही. औषध वरच राहिलं, तण खालून निघालं. आता शिप्पी आणि केना २ ते ४ पानांवर आहेत. लव्हाळा मात्र दाट. उपटला तर पात हातात येते, गाठ मातीतच.

आता उगवलेल्या तणावर टेंबोट्रिओन ४२ टक्के हे तणनाशक एकरी ११५ मिली, सोबत ४०० मिली स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं), असा विचार आहे. केना त्यात कितपत जळतो? लव्हाळ्याची गाठ त्यानं मरत नाही, म्हणून लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन ७५ टक्के हे दुसरं तणनाशक एकरी ३६ ग्रॅम घ्यायचं आहे. दोन्ही एकाच पंपात चालतील, की आठवड्याचं अंतर ठेवू? ज्यांनी एकत्र मारलंय त्यांनी पानं पिवळी पडली का, किती दिवसांत सावरली, ते सांगा.

दुकानदार टेंबोट्रिओनसोबत पुन्हा ॲट्राझीन टाका म्हणतो. पण मक्यामागं हरभरा पेरायचाय, ॲट्राझीन जमिनीत राहून त्याला बाधेल, म्हणून मन धजत नाही.

कोळपं फिरवा म्हणू नका, रान ओलं आहे, वाफसाच नाही. आणि लव्हाळ्यात कोळपं म्हणजे गाठी तोडून रानभर पेरणं.