अण्णांची हत्यारांची पेटी आणि पहिली खंडेनवमी

सुताराची लेक

मंडळी, सल्ला हवा आहे. आमचे अण्णा वैशाखात गेले. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत पन्नासेक वर्षं त्यांनी सुतारकाम केलं. आता खंडेनवमी तोंडावर आली आहे. वर्षभर घरात सण नाही, असं आईचं म्हणणं. पण अण्णांनी खंडेनवमी एकदाही चुकवली नव्हती. रंधे, पटाश्या, वाकस, करवती, गिरमिट, सगळं पुसून पाटावर मांडायचे, झेंडू वाहायचे आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचे नाहीत. यंदा पेटी उघडू की नको?

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा अण्णा 68 वर्षांचे होते. टाळेबंदी होती, मुंबईहून कुणाला येता येत नव्हतं. अण्णांनी आमच्या घरावर ताडपत्री टाकली आणि शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडले. पडलेल्या झाडांतूनच वासे काढले, रिपा मारल्या आणि ज्या घरांत म्हातारी माणसं एकटी होती ती घरं आधी शाकारली. आमचं छप्पर ऑगस्टमध्ये झालं. आई तोवर गळतीखाली टोपं लावून स्वयंपाक करत होती. ती चिडली होती, आणि तिचं चुकत नव्हतं.

मी दुसरीत असताना त्यांनी मला अभ्यासाचं टेबल केलं. दर जूनला मला त्याच्यापुढे बसवून बघायचे आणि चारी पायांना खालून तुकडे जोडायचे. दहावीपर्यंत तेच टेबल पुरलं. पायांवरचे जोड अजून मोजता येतात: फणस, साग, पुन्हा फणस, शिवण.

पेटीत त्यांची खतावणी आहे, म्हणजे लाकडावर ठरलेल्या मापाने रेघ मारायचं हत्यार; माप पाचरीने पक्कं करतात. तिची पाचर अजून घट्ट आहे, सहा सुतांवर. ती सैल करायला माझा हात धजत नाही.

कोकणची काकू

बाळा, सण करायचा नाही म्हणजे गोडधोड नाही, तोरण नाही. हत्यारं पुसून ठेवणं हा काही सण नव्हे. माझे यजमान गेले त्या वर्षी आम्ही त्यांचं शिवणयंत्र पुसलं, एक फूल वाहिलं, बस. आईला आधी विचार मात्र. आणि पुसायला तिलाच बसव.

रंधा-पटाशी

मीही सुतारच. पेटी जरूर उघडा. कोकणातला पावसाळा बंद पेटीत गेलाय, म्हणजे पात्यांवर गंज धरलाच असेल. बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने काढा आणि शिवणयंत्राचं तेल लावा. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. लाकडी मुठींना अळशीचं तेल चालेल. गोणपाटात गुंडाळू नका, ओल धरतं. रंध्यांच्या पाचरी थोड्या सैल करून ठेवा.

खतावणीचं सांगतो. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. काम चालू असताना सुतार खतावणी हलवत नाही, कारण सगळ्या तुकड्यांवर रेघ एकाच मापाची यावी लागते. पाचर घट्ट आहे म्हणजे काम अर्धवट आहे. घरात, पडवीत, माळ्यावर पाऊण इंचावर रेघ मारलेलं लाकूड सापडतं का बघा.

सुताराची लेक

दोघांचे खूप आभार. काल आईने स्वतः पेटी उघडली. पटाश्या पुसताना कुठली कुणाच्या लग्नाच्या कामाला घेतली, ते सांगत होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

लाकूड सापडलं. गोठ्याच्या माळ्यावर शिवणीच्या चार पट्ट्या होत्या, चारींवर बरोबर सहा सुतांवर रेघ. दोन पट्ट्यांना कुसू, म्हणजे जोडाच्या खाचेत बसणारी टोकं, काढून झालेत, दोन तशाच आहेत. एका पट्टीच्या मागे पेन्सिलीने शेजारच्या आजींच्या घराचं नाव आणि ‘माटवी’ असं लिहिलंय. आजींना विचारलं. माटवी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायला टांगतात ती लाकडी चौकट. त्यांची माटवी वाळवीने खाल्ली होती, म्हणून अण्णांनी शिमग्यात माप नेलं होतं. यंदाच्या चतुर्थीला आजींनी दोरी बांधून भागवलं, आमच्याकडे एका शब्दाने बोलल्या नाहीत.

रंधा-पटाशी, तुम्ही दापोलीच्या जवळपास असाल तर कृपया कळवा. उरलेले दोन कुसू काढून द्याल का? मजुरी मी देईन, हत्यारं अण्णांचीच वापरा. तोवर खतावणी आहे तशीच ठेवते.